गाडी माझी, डबा त्याचा

२ एप्रिल १९६५, शुक्रवार. पाडवा

माय आली. मूर्तिजापूरच्या फलाटावर देवमननं तिला, तिची पेटी अन् लोणच्याची बरणी माझ्या ताब्यात दिली. तो बोलला नाही. मी बोललो नाही. सहा वर्षं अबोला पाळला, आता कशाला मोडा! माय दोघांच्या मधे उभी राहून एकटीच बोलत होती — ऊन फार आहे, पॅसेंजर लेट आहे, देवमनची म्हैस आटली आहे. मग तो अकोल्याच्या बाजूला गेला, मी बडनेऱ्याच्या.

पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत माय माझी. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत धाकट्या भावाची, देवमनची. उन्हाळा-पावसाळा मला, थंडी त्याला. वाटणीत तसंच ठरलेलं आहे.

४ एप्रिल

जेवताना मायनं विचारलं, बाबांची गाडी कुठं आहे? म्हटलं, माळ्यावर. थोडा वेळ भाकरी कुस्करत बसली. मग म्हणाली, "नजर कमी होऊन राहिली, उत्तम. तुया बाबाची गाडी एक डाव चालताना पाहू दे मले. मंग नाही दिसलं तरी चालते."

मायनं आजवर माझ्याकडे काही मागितलं नाही. लुगडंसुद्धा माझी बायको, इंदू, आठवणीनं आणते. हो म्हणून बसलो.

५ एप्रिल

गाडी काढली. दीड हात लांब, लाकडाचा सांगाडा, कडेनं पत्रा, वरून उघडी. आत झुरळांचा संसार.

नीट लिहून ठेवतो. बाबा अकोल्याला कापसाच्या प्रेसमध्ये फिटर होते. तिथल्या इंग्रज इंजिनियरला फावला वेळ भरपूर. त्यानं ही बिनतारी गाडी बनवली. तार नाही, दोरी नाही — हातात एक डबा, डब्यावर एक कळ. कळ दाबली की वीस पावलांवरची गाडी वळायची. साहेब त्रेपन्न साली विलायतेला गेला तेव्हा बाबांना देऊन गेला. बाबा दिवाळीच्या पाडव्याला अंगणात काढायचे, अख्खी गल्ली भिंतीवर चढून बसायची. बिघडली की मी दुरुस्त करायचो. चालवायचा देवमन. बाबा नुसते हात मागे बांधून उभे.

बाबा अठ्ठावन्न साली गेले. पुढच्या वर्षी वाटणी. पातूरचं वावर, अकोल्याचं घर, भांडी, बैलजोडी — सगळं जेवणाआधी आटोपलं. अडलं ते गाडीवर. तो म्हणे, चालवली मी. मी म्हणे, जिवंत ठेवली मी. शब्दानं शब्द वाढला, नको ते बोलून झालं. शेवटी पंच म्हणून बसलेले नत्थुजी, बाबांचे जुने दोस्त, त्यांनी सुपारी कातरता कातरता निवाडा केला — "एकाले गाडी द्या, एकाले डबा."

सगळ्यांनी माना हलवल्या. कोणी हसलं नाही. मलाही त्यावेळी तो न्यायच वाटला.

तेव्हापासून गाडी माझ्या माळ्यावर अन् डबा देवमनच्या फळीवर. दोन्ही बंद.

६ एप्रिल

इंदू म्हणते, भावाला दोन ओळी टाका, डबा पाठवेल. वा! मी टाकू ओळी? बारा वर्षं अमरावतीत रेडिओ दुरुस्त करतो आहे. अर्ध्या शहराचे रेडिओ माझ्या हातानं बोलतात. मला एक डबा बनवता येणार नाही?

११ एप्रिल, रविवार

गाडी पूर्ण उघडली. साहेबाचा काचेचा व्हॉल्व आतून पांढरा झालेला, म्हणजे गेला. मोटर जळकी. चाकांचं रबर गुळाच्या पाकासारखं चिकट. धड आहे ते फक्त लाकूड. विलायती लाकूडही नाही, सागवान आहे — म्हणजे बाबांनीच आणून दिलं असणार.

संध्याकाळी मायजवळ ओसरीवर बसून सगळं सांगितलं. काय गेलं, काय राहिलं. मेला व्हॉल्व तिच्या हातात दिला. तिनं तो उलटासुलटा करून बराच वेळ चाचपला. म्हणाली, काच अजून चांगली आहे. मी हसलो.

१८ एप्रिल

नागपूरहून ट्रान्झिस्टर आले. हरभऱ्याएवढे! जे काम ही एवढीशी वस्तू करते, त्यासाठी साहेब गाडीत केवढी बॅटरी वाहत होता. आता सगळं सुटसुटीत होईल. वजन निम्मं.

इंदू म्हणाली, मायच्या डोळ्याचं पाहा जरा, ती ताटातली वाटी शोधते. मी म्हटलं, मोतीबिंदू आहे. आपल्याकडे सगळ्या म्हाताऱ्यांना होतो. पिकला की काढतात, अन् काढतात तो थंडीत. थंडी देवमनची. मी आता मधे पडलो तर तो म्हणेल, माझ्या वाट्यात हात घातला. इंदूनं माझ्याकडे पाहिलं अन् आत गेली.

यात पाहण्यासारखं काय होतं? जे ठरलं ते ठरलं.

२ मे

उन्हानं सोल्डर आपोआप वितळावं अशी वेळ आहे. दुकानात पंखा नाही, असला तरी पंख्याखाली डाख धरत नाही. मोटर मिळाली — मोडीत निघालेल्या ट्रकच्या वायपरची. दणकट आहे. चाकांना जुन्या चपलांचे तळ कापून गोल लावले. डाव्या बाजूची दोन्ही चाकं माझ्या चपलेची, उजवीकडची इंदूच्या. इंदूला सांगितलं नव्हतं. नंतर सांगावं लागलं.

९ मे

मोटर फिरते, गाडी अडखळते. चार संध्याकाळी घालवल्या. मोटर बदलून पाहिली, बॅटरी बदलून पाहिली. आज वैतागून गिअरची चक्रं मायपुढे ठेवली अन् नेहमीसारखा कुरकुरत बसलो. तिनं एक चक्र उचललं, बोट गोल गोल फिरवलं अन् म्हणाली, "हा दात बसका आहे." पाहिलं तर खरंच! भिंगातून मला दिसलं नाही ते तिच्या बोटाला लागलं. मला वाटतं माझ्या हातातली कला तिच्याकडूनच आली असावी. आम्ही सगळे उगाच बाबांचं नाव घेतो.

नवीन चक्र कापायला दिलं.

३० मे

चालली!! ओसरीपासून तुळशीपर्यंत सरळ गेली अन् तुळशीच्या कट्ट्याला धडकून थांबली. अजून डबा नाही, नुसतं बटण लावून सोडली होती. तरी चालली. सात वर्षांनी बाबांची गाडी आपल्या चाकांवर चालली. डोळ्यात पाणी आलं, लपवायचं काय त्यात.

मायला हात धरून आणू लागलो तर म्हणाली, अशी नको. वळली पाहिजे, बाबांच्या वेळी वळायची तशी. "पुरी झाली का दाखवजो. अर्धी काय पाहायची?"

पटलं. मलाही अर्धं काम गिऱ्हाइकाला दाखवायला आवडत नाही.

२० जून

पाऊस सुरू. गिऱ्हाइकांचे रेडिओ ओल धरतात, दुकानात गर्दी. तरी संध्याकाळचा एक तास गाडीचा. आता डब्याचं काम. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला. एरियल सायकलचे आरे जोडून केली. कळ तारमास्तराच्या यंत्राची आहे, मोडीत मिळाली. एकदा दाबली की डावीकडे, दोनदा दाबली की उजवीकडे, सोडली की सरळ — असं करायचं आहे. साहेबाचीही हीच रीत.

मायला हे समजावून सांगायला अर्धा तास लागला. सुपारीच्या डब्यावर बोट आपटून तिनं सराव करून पाहिला. एक — डावीकडे. दोन — उजवीकडे. बराच वेळ करत होती.

४ जुलै

वळली. डावीकडे सुरेख, उजवीकडे जराशी आळशी. स्प्रिंग घट्ट करावी लागेल.

धावत जाऊन मायला सांगितलं. म्हटलं, चल, झाली पुरी. तर विचारते, दिवे आहेत का? म्हटलं, बाबांच्या गाडीला कुठं दिवे होते? म्हणाली, "नव्हते. म्हणून तं म्हटलं, तू लाव."

हे चांगलं आहे! गाडी माझ्या बापाची, मेहनत माझी, अन् फर्माईश हिची. पण विचार केला तर वाईट नाही. बॅटरीच्या टॉर्चचे दोन बल्ब, पुढे. साहेबाला सुचलं नव्हतं.

११ जुलै

आज मायनं आपणहून देवमनचं काढलं. डब्याला त्यानं खादीचा रुमाल शिवून घातला आहे म्हणे. दिवाळीच्या पाडव्याला फळीवरून काढतो, अंगणात उभा राहतो, एरियल लांब करतो, कळ दाबतो. काही होत नाही. मग घडी घालून ठेवून देतो.

मी विचारलं, दरवर्षी? म्हणाली, दरवर्षी.

माझ्या गाडीशिवाय त्याचा डबा काय कामाचा! पण झोपेपर्यंत तेच डोक्यात फिरत राहिलं.

२५ जुलै

इंदू पुन्हा डोळ्यावर. आज मायनं चहा कपाबाहेर ओतला म्हणे. मी सोल्डर करत होतो. म्हटलं, मोठा कप देत जा.

१२ ऑगस्ट

दिवे लागले. कळ तीनदा दाबली की लागतात, पुन्हा तीनदा दाबली की जातात. यासाठी आतली सगळी मांडणी उपसून पुन्हा करावी लागली. एक महिना गेला. पण काम पाहण्यासारखं झालं. नागपूरच्या दुकानदाराला लिहून कळवायचा मोह होतो आहे.

मायला सांगितलं. म्हणाली, अन् भोंगा?

चिडलो. म्हटलं, माय, तुला गाडी पाहायची आहे का एस.टी.त बसायचं आहे? माझंच मला वाईट वाटलं. मग पाच मिनिटांनी तिनं विचारलं, भोंगा वाजतो कसा, त्यात वारा असतो का? आता हे विचारल्यावर सांगावं लागतं. वारा नसतो, पातळ पत्रा असतो, तो थरथरतो. इथून सुरू झालं ते जेवण थंड होईपर्यंत. इंदू दोनदा हाक मारून गेली.

भोंगा बसवीन.

२६ ऑगस्ट. पोळा

वाटणीत बैल देवमनकडे गेले, त्यामुळे आमच्या दारात पोळा नसतो. इंदूनं गाडीलाच हळदीकुंकू लावलं अन् पुरणाचा घास दाखवला. मायनं गाडीच्या टपावरून हात फिरवला, बैलाच्या वशिंडावरून फिरवतात तसा, शेवटपर्यंत. टप कुठला — उघडीच आहे गाडी, नुसती मागची फळी. तरी हवेतच फिरवला.

मग विचारते, मागं जाते का रे ही?

नाही जात. जाईल.

७ सप्टेंबर

लढाई. दुकानात बसायला जागा नाही. सगळ्यांना आपापला रेडिओ आजच्या आज हवा. बातम्यांच्या वेळी माझ्याकडचे दहा-बारा उघडे रेडिओ एकदम बोलतात अन् गिऱ्हाईक हलत नाही.

११ सप्टेंबर

हवालदार येऊन गेला. शेजारच्या पार्बताबाईच्या रेडिओवर ऐन बातम्यांत खरखर येते, अन् नेमकी मी अंगणात उभा असलो की येते, असं तिनं चौकीत सांगितलं. पार्बताबाईचा रेडिओ मीच दुरुस्त केलेला आहे, चांगला पकडतो, हीच माझी चूक.

हवालदारानं विचारलं, कोणाला संदेश पाठवता? म्हटलं, गाडीला. कोणत्या गाडीला? दाखवली. त्यानं डबा उलटा करून वास घेतला. मग म्हणाला चालवून दाखवा. चालवली. मग म्हणाला मी चालवू का? त्यानं चालवली. तुळशीभोवती तीन फेऱ्या मारल्या, दिवे लावले, विझवले. मग वही काढली अन् सांगितलं की लढाई संपेपर्यंत डबा बंद, एरियल चौकीत जमा. पावती दिली — "सायकलचे आरे, जोडलेले, नग १."

माय ओसरीवरून सगळं ऐकत होती. म्हणाली, बाबा असते तर हवालदाराला चहा दिला असता. खरं आहे, मला सुचलं नाही.

१२ सप्टेंबर

काळजी वाटते. दसरा पाच ऑक्टोबरला. गाडी जवळजवळ तयार आहे अन् मायनं अजून पाहिली नाही. आता ती अकोल्याला गेली की पाडव्यापर्यंत परत नाही. मोतीबिंदू काय, थंडीत निघून जाईल, चष्मा लागेल, चांगलं दिसेल. पण मग तिला पहिली दिसेल ती देवमनची बायको, देवमनचं अंगण, त्याची फळी, त्यावरचा डबा. माझी गाडी तिनं आधी पाहायला हवी. हा माझा हट्ट आहे. असू दे.

१९ सप्टेंबर

डबा बंद तर बंद. मागे जाण्याची सोय करतो आहे. रोज संध्याकाळी काम कमी अन् बोलणंच जास्त होतं. मायला आता सगळे शब्द येतात — रिले, कॉईल, ट्रान्झिस्टर. आज मला म्हणाली, रिले चिकटला असेल. चिकटलाच होता!

बोलता बोलता बाबांचंही निघालं. बाबांना साहेबानं एकदा विलायतेला येतोस का विचारलं होतं, हे मला माहीतच नव्हतं. मायनं जाऊ दिलं नाही. "म्या म्हटलं, तिथं तुमाले भाकर कोण थापून देईन?" आणखीही पुष्कळ सांगितलं. सगळं लिहीत बसत नाही.

२४ सप्टेंबर

काल लढाई थांबली. हवालदाराकडून एरियल परत आणली. या वेळी चहा पाजला.

३० सप्टेंबर

मागे जाते. भोंगा वाजतो. दिवे लागतात. दोन्हीकडे सारखी वळते. चाळीस पावलांपर्यंत ऐकते, साहेबाची वीसच्या पुढे बहिरी व्हायची. काळा रंग दिला, कडेनं पिवळी रेघ. आता हिच्यात करण्यासारखं काही उरलं नाही. उद्या रंग वाळेल. परवा गांधी जयंती, दुकान बंद. परवा दाखवणार. मायनं आणखी काही मागितलं तरी ऐकणार नाही, तसं सांगून टाकलं. "बरं," म्हणाली.

२ ऑक्टोबर, शनिवार

दाखवली.

अंगण झाडून घेतलं. मायला पाटावर बसवलं, तुळशीकडे तोंड करून. इंदू तिच्या मागे उभी. मी फाटकाजवळ गाडी ठेवली, बारा पावलं मागे आलो अन् कळ दाबली.

एकही चूक झाली नाही! तुळशीला दोन फेऱ्या — एक डावी, एक उजवी. मग सरळ मायकडे आणली, तिच्या पायापासून वीतभर अंतरावर थांबवली अन् मोटर बंद केली. माय अजून फाटकाकडेच पाहून हसत होती. म्हटलं, माय, इकडे, पायाशी! तेव्हा खाली पाहिलं.

दिवे लावले. ती काहीच बोलली नाही. एक महिना घातला मी त्या दिव्यांत. शेवटी इंदूच म्हणाली, "माय, दिवे लागले." मग माय म्हणाली, हो तं, केवढा उजेड पडला!

भोंगा वाजवला तेव्हा मात्र टाळ्या वाजवल्या. मग मला जवळ बोलावलं. पाठीवर, डोक्यावर, तोंडावरून हात फिरवला. लहान असतानाही कधी इतका फिरवला नसेल. म्हणाली, "तुया बाबापेक्षा चांगली केली." हे ऐकण्यासाठी मी जन्मभर थांबलो होतो बहुधा. आज मिळालं. इंदू पदरानं डोळे पुसत होती. तिलाही गाडी आवडली म्हणायची.

दिवस चांगला गेला.

४ ऑक्टोबर

मूर्तिजापूर. मायला दिली.

डब्यातून उतरताना मायनं पाऊल पुढे केलं अन् तसंच हवेत धरलं. देवमन खाली उभा होता. त्यानं तिच्या तोंडापुढे हात हलवला, एकदा, दोनदा. मग तिला कमरेला धरून उतरवलं, पोरीला उतरवतात तसं. अन् माझ्याकडे पाहिलं. काही बोलायचं होतं वाटतं. मी पाणी प्यायला नळावर गेलो. परत आलो तोवर ते दोघं पलीकडच्या फलाटावर पोचले होते.

५ ऑक्टोबर. दसरा

दुकानाची पूजा केली. रेडिओंना झेंडूची फुलं. संध्याकाळी घरी येऊन सवयीनं ओसरीवर बसलो. सांगायला काही नव्हतं. इंदूला रिलेचं सांगू लागलो तर म्हणाली, मला त्यातलं काय कळतं. घर एवढं शांत कधी वाटलं नव्हतं.

८ ऑक्टोबर

गाडी माळ्यावर ठेवावी म्हणून काढली. ठेवली नाही.

११ ऑक्टोबर

देवमनचं कार्ड. सहा वर्षांतलं पहिलं. उतरवून ठेवतो —

"मायला काहीच दिसत नाही. दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. गेलेली नजर येत नाही, ऑपरेशनचा उपयोग नाही. चैत्रात आणली असती तर एक डोळा राहिला असता म्हणतात. मायनंच सांगितलं, उजवा गेल्या थंडीत माझ्याकडे असताना गेला. तेव्हा मीही म्हटलं होतं, पिकू दे. डावा तुझ्याकडे ज्येष्ठात गेला. म्हणजे डोळेही आपण वाटून घेतले. येऊन जा. देवमन."

ज्येष्ठात. म्हणजे गाडी पहिल्यांदा तुळशीला धडकली त्याच सुमारास. पुढचे चार महिने मी रोज एका आंधळ्या बाईजवळ बसून दिव्यांचं सांगत होतो. माझी माय. त्याच घरात, त्याच ओसरीवर.

१२ ऑक्टोबर

दुकान उघडलं नाही. इंदूला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, दोनदा सांगितलं तुम्हाला. तिसऱ्यांदा सांगणार होते तर मायनं शपथ घातली.

कशाची शपथ, कशासाठी, तर म्हणते, तिलाच विचारा. मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती. रेडिओत जरा खरखर आली तरी मला रस्त्यावरून कळतं. अन् हे कळलं नाही.

१४ ऑक्टोबर. अकोला

देवमननं दार उघडलं. "ये," म्हणाला. मीही "हो" म्हटलं.

माय मागच्या ओट्यावर होती. पायाशी बसलो. विचारलं, माय, सांगितलं काहून नाही? म्हणाली, "दिसत नाही म्हटलं असतं, तं तू मले दवाखान्यात नेऊन आणलं असतं अन् पुन्हा दुकानात गेला असता. गाडीपायी रोज जवळ येऊन बसत होता. तीस वर्षांत बसला नाही इतका."

पाडव्याला आली की गाडीला आणखी काय लावायला सांगायचं, तेही तिनं ठरवून ठेवलं होतं. टप.